नळात अजून जीव होता

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आमच्या भाड्याच्या घरातले लोखंडी नळ दुरुस्त करायला जे मिस्त्री यायचे, ते आधी नळाला कान लावायचे. डोळे मिटून, हकीम नाडी बघतो तसे. मग आईकडे वळून दर वेळी तेच म्हणायचे, "नक्को बदलो अम्मा, अभी जान है इसमें."

त्या जान असलेल्या नळातून चहाच्या रंगाचं पाणी यायचं. मिस्त्री गळत्या सांध्यावर सफेदा चोपडून सुतळी गुंडाळायचे, आईच्या हातचा चहा बशीतून सावकाश प्यायचे आणि महिनाभरात नळ पुन्हा गळायचा. माझे वडील, अण्णा, म्हणायचे, "आपल्याकडे नळ कुठाय? सुतळीतूनच पाणी येतं."

मग हैदराबाद राज्याची वाटणी ठरली, मराठवाडा मुंबई राज्यात निघाला आणि तिकडे जाणाऱ्या कारकुनांच्या यादीत अण्णांचं नाव आलं. तेवढ्यात नळ गळलाच. अण्णा म्हणाले, "मिस्त्री, महिन्याभरात आम्ही चाललो. सुतळी गुंडाळा, बस्स."

या वेळी मिस्त्रींनी कान लावलाच नाही. घरमालकाला गाठून नवे नळ आणवले आणि दोन दिवस खपून अंगणापासून मोरीपर्यंत सगळे जुने उपटून नवे घातले. एक थेंब गळेना.

आई चिडलीच. "इतकी वर्षं सांगत होते, तेव्हा ऐकलं नाही. आता कशाला?"

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.

"अब मेरेकू बुलानेवाले कौन रहते, अम्मा?"