निषेधाची लाईन

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. नाहीतर चहा प्या आणि आपापल्या घरी जा!

आमच्या खामगावात बायपासला तो भलामोठा मॉल उघडला ना, सगळं स्वस्तात विकणारा, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं. का? तर माझी जुनी विद्यार्थिनी पल्लवी तिथं काउंटरला लागली. एकदा रस्त्यात भेटली, तर बिचारी लंगडत चाललेली. म्हणाली, "मॅडम, दिवसभर उभंच ठेवतात. बसाले साधा स्टूलबी नाही." आणि इकडे आमच्या गल्लीतले सलीमभाई किराणावाले भरदुपारी गल्ल्यावर पेंगायला लागलेले. गिऱ्हाईकच नाही!

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसणार?

सलीमभाईंच्या दुकानात उभं राहूनच मी जाहीर केलं, "रविवारी मॉलच्या दारात मी निषेधाला उभी राहणार. एकटी!"

सलीमभाई घाबरलेच. "ताई, काऊन उन्हात उभ्या राह्यता? जाऊ द्या ना."

"तुमच्यासाठी, भाई, तुमच्यासाठी!"

फलक मीच रंगवला. 'थांबा! इथे खरेदी करण्याआधी विचार करा.' पण ब्रश निघाला जाडा. 'थांबा!' लिहिण्यातच पुठ्ठा संपत आला. उरलेलं खाली मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबलं. आमचे हे म्हणाले, "खालचं वाचाले लोकायले भिंग देशीन का?" मी लक्षच दिलं नाही. क्रांतीच्या वेळी नवऱ्याचं कोण ऐकतं!

रविवारी मॉल उघडायच्या आधीच दारासमोर ताठ उभी राहिले. थोड्या वेळानं एक मावशी आल्या. फलक बघितला आणि गुपचूप माझ्या मागं उभ्या राहिल्या. काय आनंद झाला म्हणता! पहिला पाठिंबा! मग एक जोडपं आलं. मग डोणगावहून लग्नाच्या खरेदीला निघालेलं जीपभर कुटुंब. सगळे माझ्या मागं, एकदम शिस्तीत. माझा ऊर भरून आला. खामगाव जागं झालं हो!

तेवढ्यात मावशींनी माझा पदर ओढला. "बाई, काय भेटून राह्यलं वो?"

"भेटत काही नाही, मावशी. हा अन्यायाविरुद्ध..."

"काही नाही कसं? इतक्या सकाळी पहिला नंबर लावला तुम्ही! सांगा ना, मी कोणाले नाही सांगत."

आता बोला! मी वळून सगळ्यांना समजावणार, तोच शटर वर गेलं आणि मॅनेजर बाहेर आला. माझ्यामागची गर्दी बघून त्याचे डोळे विस्फारलेले. मला वाटलं, टरकला! बोलणी करायला आला!

मी आवाज चढवला. "आमची मागणी एकच. स्टूल!"

"मिळेल ना, मॅडम! वरच्या मजल्यावर. एकावर एक फ्री!"

"अहो, तसं नाही! तुमच्या मुलींसाठी..."

"मुलींसाठी गुलाबी रंगातपण आहेत!"

मावशींच्या कानात 'स्टूल' आणि 'फ्री' एवढंच शिरलं. त्या मागं वळून ओरडल्या, "स्टूल फुकट भेटून राह्यले वो!" लाईनीच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर स्टुलासोबत टेबलही फुकट झालं होतं. मग काय विचारता! असा रेटा आला, असा रेटा आला, की माझे पाय जमिनीला लागलेच नाहीत. निषेध सगळ्यात आधी आत!

आत मॅनेजरनं माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं. "आजच्या पहिल्या ग्राहक!" खटकन फोटो. फोटोत मी, फूल, मॅनेजरची बत्तिशी आणि माझा फलक. वाचता येत होतं फक्त 'थांबा!'

कशीबशी काउंटरपाशी पोचले, तर पल्लवी. घामानं डबडबलेली, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत बिलं फाडत होती.

"मॅडम, आज तर पाणी प्यालेबी फुरसत नाही. दिवाळीतबी एवढी गर्दी नव्हती. कोनं जमा केली काय माहीत!"

तिच्या पायांसाठी गेले होते हो मी! फलक पाठीमागं लपवला आणि बाजूच्या दारानं सटकले.

संध्याकाळी गल्लीतून खाली मान घालून चालले होते. पण सलीमभाईंनी गाठलंच. "ओ ताई! या इकडं." हातात मोबाईल, मोबाईलवर माझा फोटो. गावभर फिरला होता म्हणे.

"भाई, माफ करा," मी म्हटलं. रडूच यायचं बाकी होतं. "शपथेवर सांगते, मी निषेधच करत होते. लोकांनी त्याची लाईन केली."

सलीमभाईंनी फोटोतल्या गर्दीकडं बघितलं. मग आपल्या रिकाम्या दुकानाकडं बघितलं. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं माझ्यासमोर हात जोडले.

"ताई, एक मेहरबानी करा. उद्या जरा माह्या दुकानाचा निषेध करा ना!"