तिसऱ्या ठोक्याची घाई

बँडमध्ये सगळे त्याला खर्ज म्हणायचे. खरं नाव फक्त बायको वापरायची, तेही रागावली तरच. बावीस वर्षं तो बेस गिटार वाजवत आला होता. दुकानांची उद्घाटनं, वाढदिवस, निरोपसमारंभ, एकदा तर गाद्यांच्या सेलमध्ये सलग नऊ तास. पण या बावीस वर्षांत त्याचं वाजवणं कुणी ऐकल्याचा पुरावा नव्हता. बेसचा आवाजच तसा. चार जाड तारा, सूर इतका खालचा की लोकांना तो वाजतोय हे कळतच नाही. थांबला की मात्र कुणीतरी खोलीतून उठून गेल्यासारखं वाटतं. एका वाढदिवशी त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने कळवळून विचारलं होतं, "बाकीच्या दोन तारा कधी तुटल्या रे?"

ऐकणारं कुणी नसल्यामुळे असेल, खर्जची मतं फार पक्की झाली होती. तारा बदलायच्या नसतात, मुरू द्यायच्या असतात, हे पहिलं मत. नव्या तारांचा आवाज त्याला स्वयंपाकघरात ताटल्या पडल्यासारखा वाटायचा. त्याच्या तारा अकरा वर्षं जुन्या होत्या. दर दोन वर्षांनी मळ निघावा म्हणून तो त्या उकळून काढायचा, तेही बायकोच्या चांगल्या पातेल्यात. तिने एकदा झाकण उघडून बघितलं, पुन्हा ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्यासाठी नवं पातेलं आणलं. पाच तारांचा बेस हा ज्यांना काय वाजवायचं ते ठरवता येत नाही त्यांच्यासाठी असतो, हे दुसरं मत. वाजवताना उड्या मारणाऱ्या बेसवाल्याला मनातून गिटारवाला व्हायचं असतं, हे तिसरं. पायात चामडी तळव्याचेच बूट हवेत, म्हणजे स्टेजच्या फळ्यांचा हादरा टाचेत येतो आणि आपण वाजवतोय याची स्वतःला तरी खात्री पटते.

बेस त्याने बंद पडलेल्या एका सर्कशीच्या बँडकडून घेतला होता. त्याच्या दांड्यावर दातांच्या खुणा होत्या. विकणाऱ्याने त्या सिंहाच्या असल्याचं सांगितलं होतं. खर्जच्या अंदाजाने त्या विकणाऱ्याच्याच असाव्यात.

आणि आवाज मोठा करणारा त्याचा अँप. हल्ली डब्याएवढे अँप मिळतात, पण त्यांच्यातून डब्याएवढाच आवाज येतो असं त्याचं म्हणणं. त्याचा अँप कपड्यांच्या छोट्या कपाटाएवढा होता आणि त्याचं वजन त्रेचाळीस किलो सहाशे ग्रॅम होतं. हे तो छातीठोकपणे सांगू शकायचा, कारण पोटापाण्यासाठी तो वजनकाटे दुरुस्त करायचा.

तर झालं असं, की एका सहा मजली इमारतीत नवी लिफ्ट बसली आणि रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांनी ठरवलं की तिचं उद्घाटन वाजतगाजत करायचं. रविवारी सकाळी अकराला बँड तळमजल्यावर उभा राहिला. अध्यक्षांच्या आई सहाव्या मजल्यावर राहायच्या. गुडघ्यांमुळे त्या तीन वर्षं खाली उतरल्या नव्हत्या. त्या दिवशी दोन तगड्या शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. फीत त्यांनीच कापायची आणि पहिल्या फेरीत त्यांनीच वर जायचं.

"पण पहिली फेरी मुकी नको," अध्यक्ष म्हणाले. "आत एक जण वाजवणारा पाहिजे."

गायिकेने सांगितलं की बंद जागेत तिचा आवाज बसतो. ड्रमवाल्याने नुसतं आपल्या ड्रमकडे आणि मग लिफ्टच्या दाराकडे बघितलं. गिटारवाल्याने क्षणाचाही विचार केला नाही.

"खर्जला पाठवा. तो नसला तरी आमचं चालतं."

खर्जला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. त्याने एकच विचारलं, "आत प्लग आहे का?"

प्लग होता. अध्यक्षांनीच आग्रहाने बसवून घेतला होता. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण मागच्या तीन बैठकांत त्यावर भांडण झालं होतं आणि आता त्याचा उपयोग निघाल्यामुळे त्यांचा चेहरा एकदम खुलला.

अडचण वजनाची निघाली. लिफ्टमधल्या पाटीवर लिहिलं होतं, 'चार व्यक्ती'.

"आई एक, मी दोन, तुम्ही तीन," अध्यक्षांनी बोटं मोजली. "हा तुमचा अँप म्हणजे किती व्यक्ती?"

"अर्ध्या व्यक्तीहून थोडा जास्त," खर्ज म्हणाला. "पण पाऊण नाही."

"अर्ध्याच्या वर गेला की पूर्ण धरायचा. झाले चार."

"आणि खुर्ची?" लिफ्टवाल्या मिस्त्रीने विचारलं.

"खुर्ची आईत धरा."

"आई बसलेल्या आहेत तोवर ठीक आहे. मध्येच उठल्या तर?"

यावर बराच खल झाला. शेवटी अध्यक्षांनी पडतं घेतलं आणि आपण जिन्याने येतो म्हणाले. फीत कापली गेली. म्हातारीची खुर्ची आत, तिच्याशेजारी अँप आणि उरलेल्या हातभर जागेत खर्ज, बेसचा दांडा तिरपा करून. दार लागलं. बाहेर बँड सुरू झाला. लिफ्ट हलली तसं खर्जनेही सगळ्यात खालच्या तारेवर बोट ठेवलं.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली.

दिवा चालू होता, पंखा चालू होता. खर्जला वाटलं, नवीन आहे, दम घेत असेल. तो वाजवत राहिला. स्टेजवर काहीही झालं तरी वाजवणं सोडायचं नाही, हेही त्याचं एक मत होतं. एकदा तर मागचा पडदा पेटला होता तेव्हाही त्याने कडवं पूर्ण केलं होतं.

म्हातारी खुर्चीवर ताठ बसून होती. दोन मिनिटांनी तिने मान वळवली.

"तू तिसऱ्या ठोक्याला घाई करतोस."

खर्जचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"एक, दोन बरोबर. तिसरा लवकर पडतो. मग चौथ्याला तू वाट बघत बसतोस. माझी एक विद्यार्थिनी होती, तिचं असंच व्हायचं. करंगळीचं अक्षर आलं की घाबरायची."

तेव्हा कळलं की बाईंनी चौतीस वर्षं टायपिंग शिकवलं होतं. एका खोलीत तीस मशीन, तीस मुली, आणि बाई डोळे मिटून कुणाचं बोट चुकतंय ते ओळखायच्या. आता त्यांना लोकांचं बोलणं नीट ऐकू यायचं नाही, पण ठोका चुकलेला कळायचा.

'बेस कमी कर' याखेरीज खर्जच्या वाजवण्याबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं. साउंडवाले तर तो नुसता केबल जोडत असला तरी तेच सांगायचे. आणि इथे एक बाई त्याचा तिसरा ठोका वेगळा काढून दाखवत होती. त्याचे कान गरम झाले. राग आला की आनंद झाला, हे त्याला ठरवता येईना.

"पुन्हा वाजव," बाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या हातावर बोटाने ठोका धरला.

तो पुन्हा वाजवू लागला.

बाहेर काय चाललं होतं ते त्याला नंतर कळलं. लिफ्टचा बोगदा तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोकळ. त्यात त्या अँपचा आवाज शिरला आणि सगळी इमारतच बेस झाली. दुसऱ्या मजल्यावर कपाटातल्या कपबशा सरकत सरकत काठावर आल्या. पाचव्या मजल्यावरच्या कुत्र्याने भिंतीला कान लावला तो काढेचना. चौथ्या मजल्यावरच्या विमा एजंटला वाटलं भूकंप आहे, आणि तो बायको, पासपोर्ट आणि माशांची काचेची पेटी घेऊन जिन्याने उतरला. त्याचं बघून बाकीचेही उतरले. एक गृहस्थ नुसताच इस्त्रीचा बोर्ड घेऊन रस्त्यावर उभा होता. तळमजल्यावर बँडचं काही ऐकूच येईना. गिटारवाल्याने वाजवणं टाकलं, लिफ्टच्या दाराच्या फटीला तोंड लावलं आणि ओरडला, "बेस कमी कर."

मिस्त्री धावत चौथ्या मजल्यावर गेला आणि दारावर थापा मारून सांगू लागला, "अहो, वाजवू नका. दारात कुणी आलं की गाडी थांबवणारा एक डोळा असतो. तुमच्या हादऱ्याने तो थरथरतोय. त्याला वाटतंय दारातून सारखं कुणीतरी येतंय. हात थांबवा, गाडी आपोआप चालू होईल."

"ऐकलंत ना?" मागून अध्यक्षांचा आवाज आला. त्यांना धाप लागली होती. "आई, तू घाबरू नकोस."

खर्जने तारांवर तळहात ठेवला. एकदम शांत झालं. लिफ्टने एक हलका झटका दिला, आता निघणार अशा बेतात.

"का थांबलास?" बाई म्हणाल्या.

"लिफ्ट माझ्यामुळे अडलीय म्हणतात."

"मग अडू दे. तीन वर्षं मी वरच आहे, मला वर जायची घाई नाही. आत्ता कुठे तुझा तिसरा ठोका जागेवर यायला लागला होता. तो बसेपर्यंत सोडलास तर उद्या पुन्हा तसाच होईल."

खर्जने दाराकडे बघितलं. दारापलीकडे अख्खी इमारत त्याला थांब म्हणत होती. अलीकडे एक बाई वाजव म्हणत होती. त्याने सवयीने दोन्हीकडचं वजन केलं आणि आपल्याला हे कधी तोलायला लागेल असं वाटलं नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं. मग त्याने खालची तार छेडली आणि लिफ्ट पुन्हा थबकली.

बत्तीस मिनिटं तो तेच चार ठोके वाजवत होता. बाई मध्येमध्ये "लवकर" म्हणायच्या, कधी "आता उशिरा", आणि एकदा, "विचार करू नकोस, बोटाला विचार करता येत नाही." तिसाव्या मिनिटाला त्या काही बोलेनाशा झाल्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि खुर्चीच्या हातावर त्यांची दहाच्या दहा बोटं चालत होती. कसलं तरी पत्र टाइप होत असावं. दोन मिनिटांनी त्यांनी डावा हात उचलून हवेत उजवीकडे सरकवला, जणू मशीन पुढच्या ओळीवर आणलं.

"आता जाऊ या वर," त्या म्हणाल्या.

सहाव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला होता. खर्जची काय ती खरडपट्टी काढायची, हे त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. पण आई लिफ्टमधून खुर्ची न सोडता म्हणाल्या, "याला शनिवारी दुपारी यायला सांग. याची करंगळीही आळशी आहे." मग अध्यक्षांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी मिस्त्रीला म्हटलं.

पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये सूचनांचा नवा फलक लागला. धूम्रपान करू नये. दाराला टेकू नये. बेस गिटार वाजवू नये. कोणत्याही इमारतीच्या फलकावर आपल्या वाद्याचं नाव येईल असं खर्जला कधी वाटलं नव्हतं. त्याने फलकाचा फोटो काढून बायकोला दाखवला. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, वाचायच्या बाबतीत काटेकोर. तिने तो दोनदा वाचला. "सतार चालते वाटतं," एवढंच म्हणाली.

शनिवारी दुपारी तो जाऊ लागला. बाईंनी पलंगाखालून जुना टाइपरायटर काढायला लावला. त्या टाइप करायच्या, तो वाजवायचा, कमी आवाजात, खालच्यांच्या कपबशांचा विचार करून. बाईंचीही मतं होती. टाइपरायटरची रिबन फिकी पडेपर्यंत बदलायची नसते. कळांकडे बघणाऱ्या माणसाचा भरवसा धरू नये. ज्या मशीनचा आवाज येत नाही त्यावर लिहिलेलं खरं असेलच असं नाही. खर्जला वाटायचं, आपण आपलंच ऐकतोय. तारा बदलायच्या की नाहीत यावर मात्र दोघांचं एकदा जोरात वाजलं. बाईंच्या मते अकरा वर्षं म्हणजे निव्वळ आळस होता. पुढच्या शनिवारी तो नव्या तारा लावून आला. बाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि जुन्या परत लावायला सांगितल्या.

सात-आठ महिने असे गेले. मग बँडला एका शाळेत मुख्याध्यापकांच्या निरोपाचं काम मिळालं. दुपारची वेळ, हॉलमध्ये खुर्च्या, समोर सगळे शिक्षक. तिसऱ्या गाण्यानंतर ड्रमवाला बाजूला वळला. पंधरा वर्षं तो खर्जच्या शेजारी बसून वाजवत होता. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि खर्जकडे निरखून बघितलं.

"आज काहीतरी वेगळं आहे," तो म्हणाला. "गाणं नुसतं बसून राहतंय जागेवर. छान वाटतंय." मग त्याची नजर खर्जच्या डोक्यावर गेली. "तू केस कापलेस का?"

"हो," खर्ज म्हणाला.