किसनअण्णांच्या हातावर डकवलेला कागद

सोमवार : पोस्टर मंजूर. जबाबदार : विभागप्रमुख, स्वाक्षरीसह.
बुधवार, सकाळ : प्रदर्शनात त्याच पोस्टरवरील छायाचित्रावर पांढरा कागद डकवला. जबाबदार : प्रदर्शन समितीचे अध्यक्ष, लेखी आदेश नाही.
गुरुवार : कारण विचारणारे माझे पत्र. पोच मिळाली, उत्तर नाही. जबाबदार : प्राचार्य.

हा तपशील प्रथम नोंदवतो, कारण ज्यांच्या हातावर तो कागद डकवला गेला, ते किसनअण्णा कोणाविरुद्ध एक ओळही लिहिणार नाहीत.

चऱ्होलीत ते माझे शेजारी. चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी तिथेच धोक्याच्या सूचनांचे फलक रंगवले. काहीही पाहायचे म्हणजे दहा पावले मागे जायचे आणि एक डोळा मिटायचा, ही त्यांची सवय. माझ्या तक्रारअर्जांनाही त्यांनी ही कसोटी लावली आहे. "सायेब, लांबनं नुसती मुंग्यांची रांग दिसती," हा अभिप्राय. मी तो अद्याप मान्य केलेला नाही.

माझी नात ऋचा अभियांत्रिकीला आहे. प्रेस मशीनवर हातांना होणाऱ्या दुखापती हा तिच्या संशोधनाचा विषय. महाविद्यालयातील प्रदर्शनासाठी केलेल्या पोस्टरचा पहिला मसुदा तिने अण्णांना दाखवला. वर पिवळे हेल्मेट घातलेला, इंटरनेटवरून उचललेला हसरा कामगार. खाली दुखापतींच्या आलेखाचे हिरवेगार स्तंभ. अण्णा व्हरांड्याच्या टोकापर्यंत मागे गेले.

"ह्यो पाव्हणा कुठल्या शिफ्टचा गं?"

"अण्णा, मॉडेल आहे तो."

"तरीच. नखात काळं न्हाई. आन् हे हिरवं कशापायी?"

"डोळ्यांना बरं वाटतं."

"कंपनीत हिरवं म्हंजी बिनधोक, भायेर पडायची वाट. तू तर तुटल्याली बोटं बिनधोक करून टाकलीस, बाई!"

ऋचा ओशाळली. मग लालच लाल करू लागली, तेव्हा पुन्हा अडवले. "लाल एकदाच. समदीकडं लावलंस तर लगीनघर दिसंल." सारे स्तंभ करडे झाले, संरक्षक जाळी काढून चालवलेल्या मशीनांचा तेवढा लाल राहिला. आणि छायाचित्रासाठी अण्णांनी स्वतःचा डावा पंजा भिंतीवर टेकवला. इतकी वर्षे तो हात खिशात असे. शेजारी असून मी तो त्या दिवशी प्रथम पाहिला.

"काढ फोटो. देखणा करू नगंस."

बुधवारी अध्यक्षांना तो हात 'पाहुण्यांना अप्रिय' वाटला. ऋचाचा रडत फोन आला. मी नियमपुस्तिका शोधत होतो. अण्णा चपला घालून दारात उभे होते.

सभागृहात ते दहा पावले मागे गेले, डोळा मिटला, आणि पुढे येऊन त्या कोऱ्या कागदावर त्यांनी आपला पंजा ठेवला. कागदाचा कोपराही उचकटला नाही. लोक जमले. अध्यक्ष धावत आले.

"काका, हात खाली घ्या."

"सायेब, ह्याच्यावर बी चिकटवा की एक कागद."

अध्यक्ष आले तसे मागे फिरले. प्रदर्शन संपेपर्यंत अण्णा तसेच उभे होते आणि ऋचा त्यांच्या शेजारी उभी राहून, न अडखळता, आपले संशोधन समजावत होती. आयुष्यभर मी कलमांच्या आधाराने भांडलो. इतका बिनतोड युक्तिवाद मला एकदाही करता आला नाही. या माणसाचा शेजारी असल्याचा मला अभिमान आहे.

अध्यक्षांनी आणि प्राचार्यांनी जाहीर उत्तर द्यावे : कोणत्या नियमान्वये हा हात झाकला? उत्तर त्याच सभागृहात, त्याच जागी लावावे. अक्षरे दहा पावलांवरून वाचता आली पाहिजेत. अण्णा एक डोळा मिटून तपासतील.