डोमाजी पेला नव्हता

परतवाड्यात घर बांधायला काढलं आणि कोणी म्हणालं, गवंडी बाई आहे, तर नवखा माणूस हसतो. मग कोणीतरी त्याला मैनाबाईनं उभारलेली एखादी भिंत दाखवतं, आणि तो ओळंबा लावून बघतो तेव्हा हसणं बंद होतं. सत्तेचाळीस वर्षांची, सडपातळ, उन्हानं रापलेली ही बाई थापी धरायला शिकली ती आपल्या मुलखात नाही. ती शिकली समुद्रावर. आणि शिकली ते पोटासाठीही नाही. एका माणसाला मातीत घालायचं, एवढ्याच एका इच्छेनं शिकली.

त्सुनामीच्या लाटेनं दक्षिणेचा किनारा धुऊन नेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तिकडे मासेमारांची घरं हजारोंनी बांधायची होती आणि माणसं मिळत नव्हती. परतवाड्याच्या गजेंद्र ठेकेदारानं बारा जोडपी जमवली, बडनेऱ्याहून रेल्वेत बसवली आणि तामिळ मुलखातल्या एका गावात नेऊन उतरवली. त्यात मैना होती, तिचा नवरा डोमाजी होता आणि दीर पुंजाराम होता. डोमाजी गवंडी, मैना त्याच्या हाताखाली घमेली वाहायची.

गाव म्हणजे नुसते चौथरे उरले होते. बाया रोज आपापल्या चौथऱ्यावर येऊन बसायच्या आणि बांधकाम बघायच्या. सेल्वी नावाची एक होती, मैनाच्याच वयाची. लाटेत तिचा मुलगा गेला होता. तिच्या घराचं काम डोमाजीकडे होतं. भाषा येत नव्हती, पण सेल्वी मैनाच्या डोक्यावरचं घमेलं उतरवायला हात लावायची, आणि तेवढ्यावर दोघींचं सूत जमलं.

लाटेला वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी मोठी मंडळी येऊन घरांच्या किल्ल्या देणार होती. तारीख जवळ आली तसा गजेंद्र घायकुतीला आला. सेंट्रिंगच्या, म्हणजे ओल्या स्लॅबला खालून टेकू देणाऱ्या, बल्ल्या कमी होत्या. सेल्वीच्या घरावर स्लॅब ओतून पाचच दिवस झाले होते, तरी त्यानं त्या बल्ल्या काढून पुढच्या घराला लावायला सांगितल्या. डोमाजी आडवा झाला. चौदा दिवसांच्या आत मी हात लावणार नाही, म्हणाला. गजेंद्रनं दुसरी दोन माणसं घातली. ती आत शिरली, बल्ल्या निघायला लागल्या, आणि तेवढ्यात डोमाजीला दिसलं की सेल्वीची म्हातारी सासू उन्हाला कंटाळून आतल्या कोपऱ्यात बसली आहे. त्यानं आत धाव घेतली. म्हातारीला उचलून दाराबाहेर लोटलं. स्लॅब खाली आला तेव्हा ती दोन माणसं निसटली, तो स्वतः निघाला नाही.

मैना रेती भरत होती. तिनं आवाज ऐकला आणि धूळ पाहिली.

एवढ्यावर थांबतं तर कदाचित तिनं गिळलं असतं. बांधकामावर माणसं मरतात, हे तिला ठाऊक होतं. पण चौकशी आली तेव्हा गजेंद्रनं लिहून दिलं की डोमाजी दारू पिऊन आला होता आणि नशेत त्यानंच बल्ल्या पाडल्या. अकरा जोडप्यांचे अंगठे त्या कागदाखाली लागले. अंगठा दिल्याशिवाय परतीचं तिकीट मिळणार नाही, असं गजेंद्रनं बजावलं होतं. पुंजारामाला लिहिता येत होतं. त्यानं सही केली.

आता हे घराणं कोणतं, ते सांगितल्याशिवाय त्या सहीचं वजन कळायचं नाही. डोमाजीचं घर महानुभाव पंथाचं, तीन पिढ्यांपासून उपदेश घेतलेलं. पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला, वर्षातून दोनदा गेल्याशिवाय त्यांचं वर्ष पुरं होत नसे. त्या घरात दारूचं नाव घेतलं तरी म्हातारा सासरा चूळ भरायचा. डोमाजीनं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. राख घेऊन मैना सासरच्या गावी आली त्याआधीच कागदावरची गोष्ट गावात पोचली होती. सासऱ्यानं तिला काही विचारलं नाही. त्यानं लेकाचं नाव घेणं सोडलं, ते कायमचं. पुंजाराम खाली मान घालून बसला होता. मैनानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तीन महिन्यांत ती पुन्हा बडनेऱ्याला रेल्वेत बसली, एकटीच.

लोक म्हणाले, बाई वेडी झाली. ती वेडी झाली नव्हती. जे घर नवऱ्यावर पडलं ते आपल्या हातानं पुरं करायचं, हे तिनं ठरवलं होतं. तिकडे एक संस्था मासेमारांच्या बायांना गवंडीकाम शिकवत होती. सेल्वीनं आपल्याबरोबर मैनाचंही नाव घातलं. दोघींनी मिळून ते घर पायापासून वर आणलं. स्लॅब ओतला तेव्हा मैनानं एकवीस दिवस त्याच्यावर पाणी मारलं आणि त्याखाली कोणाला फिरकू दिलं नाही. हळूहळू तिला तामिळ बोली समजायला लागली, तेव्हा म्हातारी सासू काय सांगते आहे ते कळलं. ती सांगत होती, त्या माणसाच्या तोंडाला कसलाही वास नव्हता, त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं. चौकशीवाल्यांनी तिला विचारलंच नव्हतं.

तीन वर्षं मैना तिथे राहिली. वाळू चाळताना, विटा भिजवताना, समुद्राकडे तोंड करून डबा खाताना ती एकच गोष्ट घोळवायची. गजेंद्रच्या तोंडून ते खोटं परत काढायचं. कसं, ते तिला सुचत नव्हतं. हातात काम आलं की वाटही सापडेल, एवढा तिचा भरवसा होता.

ती परतली तेव्हा गजेंद्र मोठा झाला होता. अमरावतीत बंगला, नांदगाव पेठेत कारखान्यांच्या शेडची कामं, सत्कार, हार. मैनानं परतवाड्यात खोली घेतली आणि काम धरलं. पहिली दोन वर्षं तिला संडास-बाथरूमच्या भिंतींपलीकडे कोणी काही दिलं नाही. मग घरं मिळाली. पंधरा वर्षांत तिचं नाव झालं. या काळात सासरा वारला. शेवटच्या दिवशी ती त्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, मामाजी, ते पेले नव्हते. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले होते. ऐकलं की नाही, तिला कधीच कळलं नाही. त्या दिवसापासून तिच्या रागाला धार आली. तोवर तो नुसता जळत होता.

गेल्या वर्षी रिद्धपुरात काही भक्तांनी मिळून यात्रेकरूंसाठी निवास बांधायला काढला, दोन मोठी दालनं. काम गजेंद्रला मिळालं. मैनानं ऐकलं आणि स्वतःहून त्याच्याकडे गेली. त्यानं तिला ओळखलं. क्षणभर चपापला, मग सैल झाला. म्हणाला, झालं गेलं विसरलीस, बरं केलंस, आपलीच माणसं आहोत. बांधणाऱ्या समितीतल्या लोकांपुढे तो तिला दाखवायचा, माझ्या जुन्या माणसाची विधवा, मीच काम दिलं. मैना पदर सावरून उभी राहायची. पुंजारामही तिथे मिस्त्री होता. वीस वर्षांत दोघांमध्ये दहा शब्द झाले नसतील.

पूर्वेच्या दालनाचा स्लॅब ओतला. अठरा दिवसांनी पश्चिमेचा ओतला. मधल्या सगळ्या काळात गजेंद्र नागपूरच्या कामावर होता, फोनवरूनच हुकूम सोडायचा. पश्चिमेच्या स्लॅबला सहा दिवस झाले त्या दिवशी सकाळी दहाला त्याची गाडी आली. त्याला सगळ्या बल्ल्या हव्या होत्या, नांदगाव पेठेला पाठवायला. मैनानं सांगितलं, एका स्लॅबला सहाच दिवस झाले. गजेंद्र म्हणाला, हल्लीच्या सिमेंटला तेवढे पुरतात, काढा.

मैनाला वाट सापडली होती.

"चला, दाखवतो," ती म्हणाली. "आत येऊन तुमीच सांगा कोणती आधी काढू."

तिनं त्याला पूर्वेच्या दालनात नेलं. तो स्लॅब चोवीस दिवसांचा होता. पक्का झाला होता, एकही बल्ली नसती तरी चाललं असतं. पण खालून लोखंडी पाट्या लागलेल्या होत्या, काँक्रीट दिसत नव्हतं, आणि दिवस मोजायची सवय गजेंद्रला कधीच नव्हती. दारात समितीचा चिटणीस नितेश उभा होता, त्याच्यामागे पुंजाराम आणि चार मजूर. गजेंद्र मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, हाच का सहा दिवसांचा. मैना हो म्हणाली. आयुष्यात तिनं बांधकामाबद्दल सांगितलेलं ते एकच खोटं. तिनं हातोडा घेतला आणि दारालगतच्या बल्लीची पाचर उडवली. बल्ली दारात आडवी पडली. लगेच दुसरी.

गजेंद्र दाराकडे वळला.

"पाय उचलू नको," मैना म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला अरे-तुरे केलं. "दणका बसला तं स्लॅब खाली येईन. डोमाजीवर असाच आला होता. मी बी इथंच उभी आहो, पाह्य."

तिनं तिसऱ्या बल्लीवर हातोडा टेकवला.

"आता सांग. डोमाजी पेला होता?"

गजेंद्रनं दाराकडे पाहिलं. पुंजाराम तिथे होता. कोणता स्लॅब किती दिवसांचा, हे पुंजारामाला पक्कं ठाऊक होतं, तोच पाणी मारत होता. एक शब्द बोलला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. मैनाची पाठ त्याच्याकडे होती. ती वाट पाहत राहिली, हा पुन्हा विकला जातो का. पुंजाराम बोलला नाही.

तिनं तिसरी पाचर उडवली.

"नव्हता पेला," गजेंद्र म्हणाला.

"मोठ्यानं. बल्ल्या कोणं काढाले लावल्या?"

"मी. मी लावल्या. तो नाई म्हणत होता. तो नव्हता पेला, मीच लिहून देल्लं. बाई, हात जोडतो तुले, मले जाऊ दे."

त्याच्या पँटवर ओल पसरली होती. मैनानं ती पाहिली, नीट पाहिली, आणि तिला बरं वाटलं. दया आली असं सांगणारे लोक गावात आहेत, पण तसं काही झालं नाही. तिनं हातोडा खाली ठेवला आणि सांगितलं की हा स्लॅब चोवीस दिवसांचा आहे, हत्ती नाचवला तरी हलायचा नाही.

दुपारी गजेंद्रनं जिवाला धोका केल्याची तक्रार दिली. पोलीस आले. नितेशनं समितीची वही दाखवली, स्लॅबची तारीख त्यात होती. धोका नव्हताच, तर गुन्हा कशाचा, असं म्हणून त्यांनी चहा घेतला. नितेशनं ऐकलेलं सगळं समितीपुढे जसंच्या तसं सांगितलं. काम गजेंद्रकडून काढून घेतलं. जुनी चौकशी पुन्हा उघडावी म्हणून मैनानं अर्ज दिला आहे, त्याचं काय होईल ते कोणाला सांगता येत नाही.

संध्याकाळी पुंजाराम तिच्यासमोर येऊन बसला. म्हणाला, वैनी, आज मी गप्प राहिलो, आता तरी माफ करा.

"माफी नाई देत," मैना म्हणाली. "त्या दिवशी तुमची सही घराघरात गेली, भाऊजी. आता तुमी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम आपल्या गावात घरोघर निघाला. प्रत्येक दारात उभं राहून आधी पंथाच्या रीतीनं दंडवत प्रणाम म्हणायचा आणि मग सांगायचा की माझा भाऊ दारू पेला नव्हता, मी खोटी सही केली होती. मैना दहा पावलं मागे चालत होती, एखादं घर सुटू नये म्हणून. काही म्हातारे रडले. एका घरी त्याला बसायला पाट दिला, तर मैनानं बाहेरूनच सांगितलं, बसू नका, अजून बरीच घरं आहेत. तो उठला. ऊन चढत होतं. मारुतीच्या पाराजवळच्या एका घराला कुलूप होतं, माणसं शेतात गेली होती. पुंजाराम पुढे जायला लागला. मैना त्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, येतीन ते, थांबा.