आमची ध्यानाला बसते

दहावीच्या वर्षी मला भीतीने घेरलं. कसली, ते विचारू नका, मलाच ठाऊक नव्हतं. वर्गात बसल्या बसल्या छातीत धडधडायचं, आता आपण मरणार असं वाटायचं. बाबांनी फॅक्टरीतून सुट्टी घेतली आणि मला उल्हासनगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. अंबरनाथमध्ये कुणी बघायला नको ना!

डॉक्टर भला माणूस. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "रोज संध्याकाळी डोळे मिटून बस. श्वास येतो-जातो तेवढा बघ. भीती आली तर येऊ दे, तिच्याशी भांडू नकोस. आणि मला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत." दोन्हींनी मला बरं वाटायला लागलं, खरंच.

पण आमच्या क्वार्टर्समध्ये रात्री झोपेपर्यंत दार लावायची पद्धत नव्हती. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "ही रोज डोळे मिटून काय करते हो?" आईची पंचाईत. खरं सांगावं तर पोरीच्या लग्नाचं काय? ती बोलून गेली, "आमची ध्यानाला बसते."

झालं! गुरुवारी माझी सतरंजी खिडकीजवळून उचलून देव्हाऱ्यापुढे आली. उदबत्तीच्या धुराने श्वास बघायचा सोडून मी खोकत बसायचे. बायका हळदीकुंकू घेऊन यायला लागल्या. एकीने तर माझ्या मांडीवर नारळ ठेवून विचारलं, सुनेला दिवस कधी जातील? अहो बाई, माझं गणित सुटेल की नाही ते मला कळत नाही, तुमच्या सुनेचं काय सांगू! आई मात्र खुलली होती. इतके दिवस मान खाली घालून पाण्याला जाणारी बाई आता ताठ चालायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

मग एक दिवस गोळ्या जागेवर दिसेनात. "देवापुढे बसणारीला गोळ्या कशाला?" आई म्हणाली. मी रडले, भांडले. "तुम्ही मायलेकी बघून घ्या," म्हणत बाबांनी पेपर उघडला.

पुढच्या गुरुवारी खोली बायकांनी भरलेली असताना ती भीती आली. श्वास बघू म्हटलं तर श्वासच सापडेना. अंग लटलटा कापायला लागलं. "आई, गोळी दे गं!" मी ओरडले. कुणीतरी म्हणालं, "अंगात आलं!" सगळ्यांनी हात जोडले. एकीने माझ्या कपाळभर कुंकू फासलं. मी त्या गर्दीत आईला शोधत होते. तिला तर सगळं माहीत होतं ना!

ती पुढे आली. वाटलं, आता जवळ घेईल. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.