लेख वाचून आनंद झाला

लेखाखाली नको असलेला अभिप्राय चिकटवण्याची विद्या संगणकाबरोबर परदेशातून आपल्याकडे आली, असं जे लोक समजतात त्यांनी माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांना पाहिलेलं नाही. हल्ली मी इंटरनेटवर अधूनमधून चार ओळी लिहितो आणि लेख चढवून चहा पिऊन येईपर्यंत खाली कुणीतरी ‘अप्रतिम माहिती’ म्हणत वजन घटवण्याची पावडर टेकवून गेलेलं असतं. माझे लिहिणारे मित्र अशा लोकांवर फार चिडतात. मी चिडत नाही. या जमातीच्या मूळपुरुषाशी मी सहा वर्षं झुंज दिलेली आहे आणि त्यांच्यापुढे ही आजची मंडळी म्हणजे अगदीच शिकाऊ उमेदवार. नव्वदच्या दशकात, सुरतेतल्या नवागामच्या आमच्या वस्तीत कुणी संगणक डोळ्यांनी पाहिलेला नसताना, या गृहस्थांनी एक पेन्सिल आणि वाटीभर खळ एवढ्या सामग्रीवर ही विद्या पूर्णत्वाला नेली होती.

आमच्या वस्तीत खानदेशी मंडळाचं एका खोलीचं वाचनालय होतं आणि त्याच्या दारात काचेचं झाकण असलेला एक फळा होता. त्या फळ्यावर दर शनिवारी माझा हस्तलिखित लेख लागायचा. मी डाइंग मिलमध्ये कापड तपासायच्या कामावर होतो. दिवसभर दुसऱ्याच्या कापडातले डाग शोधणारा माणूस संध्याकाळी स्वतःला निर्दोष लेखक समजायला लागतो, तसं माझं झालं होतं. लेखाखाली अभिप्रायासाठी कोरा कागद लावायची कल्पनाही माझीच. लोक भारावून काहीतरी लिहितील, मग मी नम्रपणे मान खाली घालीन, असा माझा बेत होता. पहिल्याच शनिवारी त्या कागदावर गोल, टपोऱ्या अक्षरांत मजकूर उमटला: ‘लेख वाचून आनंद झाला. असेच लिहीत राहा. गुडघेदुखीवर खात्रीचे तेल. घंटीच्या मागे, निळे दार.’ घंटी म्हणजे सुरतेच्या बोलीत पिठाची गिरणी. तिच्या मागच्या निळ्या दारात कोण राहतं हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

खानदेशात वडीलधाऱ्याला मानानं जिभाऊ म्हणतात. यांनाही सगळी वस्ती जिभाऊच म्हणे. उंच, काटकुळे, डोक्यावर टोपी, आणि अंगाला कापूर, लसूण नि तिळाच्या तेलाचा असा वास, की ते गल्लीच्या तोंडाशी असतानाच, मी जिच्याकडे राहायचो ती मावशी घरात चहाचं आधण ठेवायची. तीस वर्षं यंत्रमागावर काढल्यामुळे त्यांचा साधा आवाजही दोन गल्ल्या ओलांडून जाई. माग सुटल्यावर त्यांनी तेल काढायला घेतलं आणि त्या तेलावरची त्यांची श्रद्धा एवढी जबर होती की समोरच्या माणसाचे गुडघे दुखत नाहीत यावर त्यांचा विश्वासच बसत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यावर टिचकी मारून ते कान लावून ऐकत आणि ‘वाजी राहिना’, म्हणजे वाजतोय, म्हणून जाहीर करत. एकदा वस्तीत गुडघ्यांचा डॉक्टर तपासणीला आला होता. रांगेतली माणसं त्याच्यापर्यंत पोचण्याआधी जिभाऊंनी डॉक्टरचाच गुडघा मांडीवर घेतला होता.

सकाळचा एक तास ते वाचनालयात वर्तमानपत्राला देत. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवायचा, पान उलटण्याआधी बोटाला थुंकी लावायची, मधूनच ‘हं’ म्हणायचं. एक दिवस उशिरा येणारं मराठी वर्तमानपत्र आणि ताजं गुजराती, दोन्ही ते सारख्याच तल्लीनतेनं धरत. दोन्ही भाषांवर असं प्रभुत्व असलेला माणूस माझा लेख वाचतो याचा मला आतून अभिमान होता. नुसता शेपटाचा मजकूर तेवढा खटकायचा.

पण शेपटाशिवाय ते कधी आलेच नाहीत. लेख दिवाळीच्या फराळावर असो की गटारीच्या दुर्गंधीवर, त्यांना आनंदच व्हायचा आणि तो आनंद निळ्या दारापाशीच येऊन थांबायचा. प्लेगच्या वर्षी अर्धी वस्ती गावी पळाली, फळ्यावर महिनाभर एकच लेख लटकत राहिला, तर त्याच लेखाखाली त्यांना चार वेळा आनंद झाला. दुसरा कुणी असता तर मी हात धरून बाहेर काढला असता. पण मावसभावाचे सासरे. भेटले की ‘जवाईबुवा’ म्हणून मलाच आधी रामराम घालायचे. जिथे नातं मानाचं तिथे तोंड उघडायची सोय नसते. मावशीनं तर स्पष्ट बजावलं होतं की तुझे लेख गेले खड्ड्यात, व्याह्यांना वेडंवाकडं बोलायचं नाही.

मग मी उपाय सुरू केले. अभिप्रायाची पेन्सिल काढून घेतली, तर ते सुताराची पेन्सिल कानावर खोचून आले. कोरा कागद काढून टाकला, तर स्वतःचा कागद आणला. काचेला कुलूप घातलं, तर काचेवर बाहेरून भाताच्या खळीनं असा चिकटवला की तो काढताना माझं नख गेलं. अभिप्रायासाठी वही ठेवली, तर आठवड्याभरात ती भरली, आणि सगळ्या पानांवर एकच मजकूर. शेवटी मी मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली: ‘अभिप्रायात लेखातल्या निदान एका गोष्टीचा उल्लेख असावा. तेलाच्या वा अन्य कसल्याही जाहिराती लिहू नयेत.’ दुसऱ्या दिवशी त्या सूचनेखाली टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘लेख वाचून आनंद झाला. असेच लिहीत राहा.’ पुढे तेल आणि दार होतंच. मी ते वाचलं आणि या माणसाच्या निगरगट्टपणाला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. त्या वेळी मला एवढंच सुचलं, याची पुढे फार लाज वाटली.

सहाव्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांचे वडील वारले. वस्तीतला आदरणीय माणूस. यंत्रमागावरच आयुष्य गेलेलं. मी जीव ओतून श्रद्धांजलीचा लेख लिहिला, भोवती काळी चौकट काढली. दहाव्याचं आटोपून घरचे लोक तो लेख बघायला आले, तेव्हा चौकटीच्या आत, त्यांच्या वडिलांच्या नावाखाली, कुणालातरी आनंद झालेला होता आणि असंच लिहीत राहायची विनंती केलेली होती.

त्या रात्री कमिटी बसली. अध्यक्ष शांत माणूस, पण त्यांचे डोळे लाल झाले होते. मयताची अशी थट्टा करणारा माणूस मंडळात नको, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मीच मध्ये पडलो आणि मला वाटलं मी मोठं शहाणपण केलं. म्हटलं, वयस्कर माणूस आहे, एक संधी द्यावी: रविवारी सकाळी सगळ्यांदेखत, फळ्यावर, स्वतःच्या हातानं माफी लिहावी. नाहीतर मंडळ सोडावं. सगळ्यांनी मान डोलावली. निरोप घेऊन गेलेला माणूस परत आला तो सांगत, की जिभाऊ म्हणाले, मंडळ सोडतो.

मला राग आला. इतकी मग्रुरी? दोन ओळी लिहायला एवढा ताठा? पण शुक्रवारी संध्याकाळी वहिनी, म्हणजे जिभाऊंची मुलगी, माझ्यापाशी आली. मावशी आत गेल्याचं बघून ती हळूच म्हणाली, “भाऊजी, आबास्ले वाचता येत नही. ते अक्षर मन्ही मायनं शे.”

तिच्या आईची चौथी झालेली होती. फळा नवीन लागला तेव्हा तिनं तो मजकूर एका चिठ्ठीवर लिहून दिला: जावयाकडच्या माणसाला दोन चांगले शब्द पोचावेत, आणि जाता जाता तेलही लोकांना कळावं. त्याच थंडीत ती गेली. तेव्हापासून जिभाऊ ती चिठ्ठी बघून बघून, अक्षराला अक्षर जुळवून उतरवत होते. सही तेवढी त्यांना येत होती. मुलीचं लग्न ठरवताना त्यांनी स्वतःला चौथी पास म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे जावयालाही पत्ता नव्हता. बिरादरीत सगळ्यांदेखत अंगठेबहाद्दर ठरण्यापेक्षा त्यांना निर्लज्ज ठरलेलं चाललं असतं. मी सहा वर्षं सूचना लिहीत होतो त्या कुणासाठी, हे मला त्या वेळी समजलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

शनिवारी दुपारी मी निळ्या दारात गेलो. माफीच्या दोन ओळी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहून नेल्या होत्या. त्या बघून उतरवता येतील, म्हणजे कुणाला काही कळायचं नाही. जिभाऊंनी माझा कागद हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं माहीत आहे हे त्यांना कळलं. चष्म्याच्या डबीतून त्यांनी घड्या पडून कापडासारखी मऊ झालेली चिठ्ठी काढली, माझ्या कागदाशेजारी ठेवली आणि बराच वेळ दोन्ही बघत राहिले.

“हाई अक्षर तिनं नही,” ते म्हणाले. “मले फक्त तिनं अक्षर येस.”

मग त्यांनी माझा कागद घडी करून मला परत दिला, आणि म्हणाले की जवाईबुवा, ज्या लेखाखाली मी ते लिहिलं तो आधी वाचून दाखवा. मी वाचायला लागलो. सहा वर्षांत माझा लेख या माणसानं पहिल्यांदा ऐकला. मयताचं नाव आलं तसे ते ताठ बसले. त्यांना आतापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं की ती काळी चौकट कुणाची होती. सणाची नक्षी काढली असेल असं त्यांना वाटलं होतं. अध्यक्षांचे वडील आणि ते एकाच खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या एकाच कारखान्यात, शेजारच्या मागांवर होते, बारा वर्षं. ‘ते नेहमी हळू आवाजात बोलत’ या माझ्या वाक्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“खातामा हळू कोन बोलस?” ते म्हणाले. “आम्ही बारा वरीस हातनी खुनावरी बोलनूत. त्याना आवाज मी कधी ऐकाच नही.”

यंत्रमागाच्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नसतो. पाणी पिऊन येतो, धागा तुटला, मुकादम आला, माझे माग सांभाळ, सगळं हातांनी. हे मला ऐकून ठाऊक होतं, पण लेखात घालावं असं सुचलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि उरलेला लेख वाचायला सांगितला.

रविवारी ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले. धुतलेलं धोतर, टोपी, कानावर पेन्सिल. काय होतंय ते बघायला फळ्यापुढे पन्नासेक माणसं जमली होती. मी काच उघडून दिली. जिभाऊंनी पेन्सिल हातात घेतली, कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि पेन्सिल परत कानावर ठेवली. मग ते अध्यक्षांकडे वळले आणि हातांनी बोलायला लागले.

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी हसलंही. पण अध्यक्ष कोवळ्या वयात वडिलांबरोबर त्याच खात्यात कामाला लागले होते, आणि जमलेल्यांत त्या खात्यातलं दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यांना शब्द न् शब्द पोचतोय. जिभाऊंनी फळ्याकडे बोट केलं, स्वतःच्या डोळ्यांवरून तळवा फिरवला आणि मान हलवली. त्या पन्नास माणसांत ते त्यांनी कबूल केलं आणि ते आम्हा दोघांनाच कळलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून एक खूण केली, जी मला समजली नाही. अध्यक्षांनीही तीच खूण परत केली आणि पुढे येऊन जिभाऊंच्या पायांना हात लावला. त्यानंतर त्यांनी लोकांना फक्त एवढंच सांगितलं की माफी मिळाली, आता घरी जा.

ती खूण काय होती, हे मी अध्यक्षांना नंतर विचारलं. ते म्हणाले, पाळी संपवून घरी जाणाऱ्याला शेजारचा मागवाला करतो ती: तू नीघ, तुझ्या मागाकडे मी बघतो.

त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी मी लेख घेऊन निळ्या दारात जायचो आणि फळ्यावर लावण्याआधी जिभाऊंना वाचून दाखवायचो. अक्षरं शिकवतो म्हटलं तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. आहेत तेवढी पुरेत म्हणाले. कौतुकाचं मात्र नाव नाही. “इतलं लांबन कसाले लावतस?” हे त्यांचं ठरलेलं. कंटाळा आला की ते माझा गुडघा ओढून त्यावर तेल चोळायला लागायचे. तेवढ्यावरून मला कळायचं की हा परिच्छेद गेला. अशी तीन वर्षं गेली, आणि माझे गुडघे वस्तीतले सर्वांत निरोगी गुडघे झाले. मग एका पौषात ते दोन दिवस तापानं पडले आणि गेले.

त्यांच्यावरचा लेख मी फळ्यावर लावला नाही. लिहिला होता, चांगला पाच पानांचा. शुक्रवारी संध्याकाळी तो खिशात घालून सवयीनं निळ्या दारापर्यंत गेलो, कुलूप पाहिलं आणि पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून तो हळूच मोठ्यानं वाचला. दुसऱ्या पानापाशीच माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. घरी येऊन मी साडेतीन पानं खोडली.