खिळ्यावरून चालणारे दिनकरकाका

दिनकरकाकांच्या माडीवर मी पहिल्यांदा गेले ती भाड्यानं घेतलेल्या मागच्या खोल्यांची किल्ली घ्यायला. दारात पाऊल टाकते न टाकते तोच हे उंच, वाळकुडे गृहस्थ दोन्ही हात पसरून ओरडले, तेही कुजबुजत. "खिळ्यावरून चाल, बाई! मधात पाय नको देऊ!"

खाली पाहिलं. सागवानी फळ्यांची जमीन, आणि तुळई जिथे असेल तिथे खिळ्यांची रांग. रांगेवर पाय पडला तर फळी गप्प, जरा इकडेतिकडे झाला की कर्रर्र. काका माडीभर त्या रांगांवरूनच फिरत. बाहेर राजापेठेच्या रस्त्यावरचे हॉर्न दिवसभर कोकलत, त्यांचं काकांना काही नव्हतं. वैर होतं ते या फळ्यांशी.

कारण खालच्या खोलीत विमलकाकू झोपत. त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. जिना चढायचा नाही आणि झोप चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपल्या खोकल्यानं त्यांची झोप मोडते म्हणून काका माडीवर झोपायला गेले, तर तिथे ही करकर. काकूंचे डोळे कायम तांबारलेले असत. "झोप नाई लागत," एवढंच त्या म्हणत.

काका मुळात काळजीचं दुकान. बडनेऱ्याला रेल्वेत सारी नोकरी झाली, तरी स्वतःची गाडी चुकेल म्हणून तासभर आधी फलाटावर हजर. "इपरीत घडाचं असन तं आपल्याच घरी घडते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी हसायची. पण काकूंचा चेहरा उतरत चालला तशी मलाही धास्ती वाटू लागली.

उपाय त्यांनी पुष्कळ केले. एकदा काकूंचा पावडरचा अख्खा डबा फटींत ओतला. माडीला बाळंतिणीच्या खोलीसारखा वास आला, करकर तशीच. मे महिन्यात त्यांना शोध लागला की उन्हानं लाकूड आकसलंय, पाणी पाजलं की फुगेल. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांना आपण पाणी मारतो, तसं यांनी जमिनीवर ओली गोणपाटं अंथरली. चार दिवस खरंच शांतता झाली. मग फळ्या वाळल्या, कडा उचलल्या, खिळे वर आले, आणि मांजर चाललं तरी माडी किंचाळू लागली.

"माह्यापायीच जाईन ते एक दिवस," खाली काकूंच्या खोलीकडे बोट करत काका म्हणाले. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

अखेर रफीकमिस्त्रींना बोलावलं. "काका, लाकूड नाई बोलत, ढिला खिळा बोलते," म्हणत त्यांनी खिळे उपटले, फळ्यांना रंधा मारला, तुळयांत स्क्रू आवळले. काका माडीभर चालले, मग चक्क उड्या मारल्या. एक आवाज नाही.

दुसऱ्या दुपारी मी शिकवणीहून परतले तर जिन्यात विमलकाकू. कठडा घट्ट धरलेला, ओठ निळसर, अंग घामानं भिजलेलं. "काका!" मी ओरडले. ते वरून धावत आले.

"कावून चढली तू? मराचं हाय का तुले?"

काकूंना बोलायला वेळ लागला. "तुमचा आवाजच नाई आला. मले वाटलं, तुमीच गेले."

काका मटकन पायरीवर बसले.

"करकर झाली का मले वाटे, चालून राहिले, बरे हायेत," काकू म्हणाल्या. "थांबली का डोया उघडे. अन् तुमी तं चोरावानी चालत."

संध्याकाळी आम्ही काकांचं अंथरूण खाली आणलं. त्या रात्री ते मनसोक्त खोकले आणि काकू सकाळपर्यंत झोपल्या.

काकांना जाऊन आता वर्ष झालं. माझी मोरी काकूंच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. दुपारी त्या माझ्या दारात येतात. "भांडे वाजव वो पोरी थोडे," म्हणतात, "मी झोपतो."

मी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेते, जरा जोरानं.